पेशी शांत झाल्यात, असं मी मायला सांगितलं

मला एका जागी बसवत नाही. प्रयोगशाळेत गाळ तळाशी बसवणारं सेंट्रिफ्यूज यंत्र फिरत असतं तेव्हा बाकीचे चहाला जातात, मोबाईल बघतात, कुणी राहिलेली वही लिहून काढतं. मी जिना उतरते. खाली गाड्या लावतात तिथवर जाते, कडुनिंबाखाली दोन मिनिटं उभी राहते आणि घड्याळ बघून परत वर पळते. वीस मिनिटांच्या फेरीला वीसच मिनिटं लागणार हे डोक्याला कळतं, पायांना कळत नाही.

पेशी ज्या उबदार कपाटात वाढतात त्या इनक्युबेटरचं दार उगीच उघडून बघायची माझी खोड आपानं मोडली. आपा म्हणजे माझ्याहून तीन वर्षं सीनियर, जुन्या शहरात राहणारी. सगळी प्रयोगशाळा तिला आपाच म्हणायची. मी दाराला हात लावला की ती मागून ओरडायची, "कायकू खोलती गं सारखं? ठंड लगती उनको!"

मी फार्मसीत पीएचडी करते. विषय सांगितला की लोक मान हलवतात आणि पावसापाण्याचं बोलायला लागतात, म्हणून मी सोपं करूनच सांगते. अंगात जंतू शिरले की त्यांना गिळून टाकणाऱ्या काही पेशी आपल्यात असतात. गिळता गिळता त्या अशी काही रसायनं सोडतात की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. जंतू संपले की या पेशींनी गप्प बसायला पाहिजे. काही माणसांत त्या गप्प बसत नाहीत. जंतू नसतानाही पेटून उठतात आणि स्वतःच्याच सांध्यांवर जातात. त्यांना आवरायला स्टिरॉइड आहे, पण गोळी पोटात गेली की औषध अंगभर पसरतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. माझं काम होतं ते औषध अतिशय बारीक कणांत भरायचं. डोळ्याला तर नाहीच, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे कण. त्या खादाड पेशी जंतू समजून ते कण गिळतील आणि औषध नेमकं त्यांच्याच पोटात उतरेल, बाकी अंगाला त्रास नाही. कागदावर हे फार सुंदर दिसतं.

हा विषय मी निवडला तो मायमुळं, असं मी कुणाला सांगत नाही. मुलाखतीत विचारलं तेव्हा मी भलतंच काहीतरी सांगितलं होतं.

आमचं घर पाचोडच्या पलीकडं, एका वस्तीवर. बापाची मेंढरं. आता पूर्वीइतकी नाहीत, थोडी जमीनही आहे, पण बापाला लोक अजून मेंढरंवालाच म्हणतात. माय शेळ्यांच्या धारा काढायची. पाचेक वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात तिची बोटं वळेनाशी झाली. सकाळी मूठ मिटायची नाही. आधी वाटलं थंडीनं असेल, मग वाटलं वयानं असेल. मग उन्हाळा आला तरी तेच. उन्हात हात धरून बसायची, तेव्हा कुठं नऊ-साडेनऊला भाकरी थापायला घ्यायची. तोवर बाप शिळ्या भाकरीवर निघून गेलेला असायचा. शहरात आणून दाखवलं तेव्हा डॉक्टर बाईंनी सांगितलं, हा आमवात आहे, वयाचा नाही. शरीराचेच राखणदार उलटलेत.

आठवड्याला एक गोळी आणि रोज सकाळी एक बारकी स्टिरॉइडची गोळी. आठवड्याची गोळी माय पाचोडच्या बाजाराच्या दिवशी घ्यायची, म्हणजे विसरायची नाही. हात बरेच मोकळे झाले. पण गाल फुगले, पोटात जळजळ व्हायला लागली, आणि गावात बायका म्हणायला लागल्या, लेक शहरात गेल्यापासून हिला बाळसं आलंय. मायला ते फार लागायचं.

मी भावाकडं बजाजनगरला राहते. भाऊ वाळूजच्या एका कंपनीत आहे, त्याची शिफ्ट बदलत असते. वहिनीच्या हातचा डबा घेऊन सकाळी सिटी बसनं निघायचं आणि नगर नाका, छावणी करत पोहोचायचं, हा माझा रोजचा रस्ता. दर रविवारी सकाळी मी मायला फोन करायची.

त्या शुक्रवारची गोष्ट. मी कण तयार केले होते. ते करताना साबणासारखं एक रसायन वापरावं लागतं, नाहीतर कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. नंतर ते धुऊन काढायचं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं पाणी टाकायचं, पुन्हा पाणी, पुन्हा फिरवायचं. तीनदा. पण दर धुण्यात थोडे कण वाया जातात, आणि माझ्या हाती मुळातच कमी आले होते. महिन्यावर पीएचडीच्या कमिटीसमोर प्रगती दाखवायची होती. मी एकदाच धुतले. वहीत तसं लिहिलंसुद्धा, "धुणे : १". लपवायचं असं मनात काहीच नव्हतं. फक्त थांबवत नव्हतं.

मग पेशी. या उंदराच्या पेशी, बाटलीत वाढवलेल्या, पण वागतात आपल्या खादाड पेशींसारख्याच. त्यांना जंतूंच्या कवचाचा थोडा अंश दिला की त्या चवताळतात. एरवी गोल असतात, चवताळल्या की पसरतात, त्यांना हातपाय फुटल्यासारखं दिसतं. मी एका प्लेटच्या काही घरांत, म्हणजे बारक्या खळग्यांत, नुसत्या चवताळलेल्या पेशी ठेवल्या, काही घरांत त्यांना औषध भरलेले कण दिले, काही घरांत रिकामे कण. एक अख्खा दिवस थांबायचं. तो दिवस मी कसा काढला मला आठवत नाही. भावाच्या घराची फडताळं आवरली, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सूक्ष्मदर्शकातून बघितलं. नुसत्या चवताळलेल्या पेशी पसरलेल्या, अस्ताव्यस्त. माझे कण दिलेल्या पेशी गोल. निवांत. मी दोनदा, तीनदा बघितलं. मग त्यांनी पाण्यात किती सुजेचं प्रथिन सोडलं ते मोजायची चाचणी केली. सूज जास्त तर रंग गडद, कमी तर फिका. माझ्या कणांच्या घरांत जवळजवळ रंगच आला नाही.

रिकाम्या कणांच्या घरांतही रंग फिकाच होता. ते मी बघितलं. बघून मनाशी म्हटलं, कणाचा पदार्थच गुणकारी असेल, हा तर वेगळाच शोध.

पेशी जिवंत आहेत का ते बघायची एक वेगळी चाचणी असते. ती त्याच दिवशी करायची असते. त्याचं रसायन संपलं होतं, मागवलेलं यायचं होतं. पुढच्या आठवड्यात प्रयोग परत लावून करू, असं ठरवून मी प्लेट बाजूला ठेवली. आपा त्या दिवशी नव्हती, घरी लग्न होतं.

रविवारी मायला फोन लावला.

"माय, झालं! पेशी शांत झाल्यात."

"कोन्त्या?"

"त्याच गं. तुझ्या हातात ज्या धिंगाणा घालतात तसल्याच. माझ्या औषधानं एकदम शांत झाल्यात."

मागं शेळी ओरडत होती.

"म्हंजी औषध निघालं?"

मी काय सांगायला पाहिजे होतं ते मला नीट माहीत होतं. पेशींनंतर उंदीर, उंदरांनंतर आणखी काय काय, माणसांपर्यंत जायला वर्षानुवर्षं लागतात, आणि बहुतेक औषधं वाटेतच राहतात. हे मी दर सेमिनारला पहिल्याच पानावर लिहिते. पण तिच्या आवाजात असं काही होतं की मला ते बोलवेना.

"निघालंच समज," मी म्हटलं.

सोमवारी मी माझ्या मार्गदर्शक सरांना आलेख दाखवला. सर मितभाषी. कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मी खुर्चीवर न बसता उभीच होते. ते शाबास म्हणतील याची वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "जिवंत होत्या ना?"

"दिसत तर होत्या, सर."

"दिसत होत्या की होत्या?"

"रसायन संपलंय. मागवलंय."

"मग तोवर हा आलेख नाही," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला रागवायला तरी जागा मिळाली असती. मी जिन्यावर येऊन आपाला म्हटलं, सरांना काहीच पटत नाही. ती म्हणाली, "रिकामे कण भी कम दिखाये ना? फिर दवा ने क्या किया, बता." मी जिना उतरून कडुनिंबाखाली गेले. तो आलेख मी कमिटीच्या सादरीकरणात अकराव्या पानावर घालून ठेवला होता, तो काढलाही नाही.

रसायन यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी वैतागून सगळ्यांशी भांडले. वहिनीशी डब्यातल्या मिठावरून, बसच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून. मायला त्या रविवारी फोन केला तर बाप म्हणाला, पडलीय जरा, उठली की बोलंल. मी घाईत होते, बरं म्हटलं.

बाटली आली त्या दिवशी मी तोच प्रयोग नव्याने लावून ठेवलेला होता, त्याच कणांचा. दुसऱ्या दिवशी दुपारी रसायन घातलं. ते पिवळं असतं. जिवंत पेशी ते आत घेतात आणि त्याचं जांभळं करतात. मेलेल्या पेशींना ते करता येत नाही. काही तास थांबायचं. या वेळी मी जिन्यात गेले नाही. आपाशेजारी स्टुलावर बसून राहिले.

प्लेट बाहेर काढली. पहिली ओळ, ज्यांना काहीच दिलं नव्हतं, गडद जांभळी. दुसरी, चवताळलेल्या, तीही जांभळी. तिसरी माझ्या औषधी कणांची, पिवळी. चौथी रिकाम्या कणांची, पिवळी. अगदी एकदोन घरांत तळाशी जांभळ्याची झाक, तेवढीच.

शांत झाल्या नव्हत्या. मेल्या होत्या. मेलेली पेशी सुजेचं प्रथिन सोडणार कुठून? गोल दिसत होत्या कारण त्यांच्यात पसरायला जीवच राहिला नव्हता. आणि त्यांना औषधानं मारलं नव्हतं, रिकाम्या कणांनीही नव्हतं. मी न धुतलेल्या साबणानं मारलं होतं.

आपानं प्लेट उजेडाकडं धरली. मग माझी वही ओढून घेतली, पान उलटलं आणि "धुणे : १" वर बोट ठेवलं. "येच है," ती म्हणाली. मला रडू आलं असतं, पण रडण्याआधीच मी पुढची कणांची तयारी करायला उठले. तिनं मला दंडाला धरून खाली बसवलं. "बैठ. आज कुच नै करनेका. आज घर जा."

मी घरी गेले नाही. सरांच्या दारासमोर तीन वेळा गेले आणि चौथ्या वेळी आत शिरले. सगळं सांगितलं. एकच धुणं, रिकाम्या कणांचा फिका रंग दिसूनही दुर्लक्ष, सगळं. त्यांनी वही मागितली, ते पान वाचलं. "लिहिलंस तरी होतं," एवढंच म्हणाले. मग वही परत देत म्हणाले, "कमिटीला काय दाखवायचं ते तू ठरव."

शनिवारी सकाळी भावाला बापाचा फोन आला. माय दोन दिवसांपासून खाटेवरून उठली नव्हती. अंगात कणकण, चक्कर, आणि हात असे की पाण्याचा तांब्या धरवत नाही. भाऊ रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. तसाच मोटरसायकल काढून निघाला, मी मागं बसले. बीड रोडनं पाचोडपर्यंत मला सारखं वाटत होतं तो फार हळू चालवतोय. बघितलं तर काटा सत्तरच्या पुढं होता.

माय ओसरीत खाटेवर होती. मनगटं सुजून गुळगुळीत झालेली, बोटं अर्धवट वाकलेली. तिनं मला बघून हसायचा प्रयत्न केला.

"गोळ्या घेती ना?" मी विचारलं.

ती बापाकडं बघायला लागली. बाप अंगणाकडं.

मी आत जाऊन तिचा डबा काढला. पत्र्याचा बिस्किटाचा जुना डबा, त्यात ती औषधं ठेवायची. स्टिरॉइडच्या दोन पट्ट्या जशाच्या तशा. आठवड्याच्या गोळीची पट्टीही भरलेली. तिनं जवळजवळ दोन आठवडे काहीच घेतलं नव्हतं.

"माय, हे काय?"

"अगं, तूच म्हनलीस की. औषध निघालं म्हनलीस." तिचा आवाज बारीक झाला होता. "मी म्हनलं, आता चांगलं यायलंय तर हे वाईट कशाला पोटात घालू? सोडलं की पोट कसं हलकं वाटलं बघ. तोंडाची सूजबी उतरली हुती."

भाऊ माझ्याकडं वळला. "तू काय सांगितलंस तिला?"

मला ते वाक्य त्याच्यासमोर उच्चारता येईना. मायच म्हणाली, "तिला कामून बोलतो? तिनं खोटं थोडंच सांगितलं?"

स्टिरॉइड असं एकदम सोडायचं नसतं. हळूहळू कमी करायचं असतं, नाहीतर शरीर ढासळतं. हे मला पाठ आहे, मी त्यावर परीक्षा दिलीय. ते माझ्या घरात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, मीही नाही.

गावातल्या जीपनं तिला शहरात आणलं. डॉक्टर बाईंनी भरती करून घेतलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही फार्मसीच्या ना? मग घरात लक्ष कोण ठेवणार?" सलाईन लागलं, औषध पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मायनं उशीला टेकून चहाचा कप दोन्ही हातांत धरला. त्या तीन दिवसांत मी त्या वॉर्डाच्या किती फेऱ्या मारल्या ते नर्सला विचारावं लागेल. तिनं एकदा मला हाकलून बाहेर काढलं होतं.

चौथ्या दिवशी मी मायशेजारी बसले आणि सांगितलं. सगळं. तो फोन घाईत केला होता. पेशी शांत झाल्या नव्हत्या, मेल्या होत्या. साबण धुवायचा राहिला म्हणून. आणि जरी शांत झाल्या असत्या तरी ते औषध तिच्यापर्यंत यायला कितीतरी वर्षं लागली असती, कदाचित कधीच आलं नसतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी मेंढरू मरून पडलं आन तू म्हनलीस निजलंय."

"व्हय."

ती हसायला लागली. खरंच हसली, सलाईनचा हात हलेपर्यंत. "तुझ्या बाबानं केलं हुतं असं एकदा. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या साली. सावलीला पडल्यालं कोकरू. मी म्हनलं जाऊन बगा, तर म्हने गार सावलीला झोपलंय, उठवू नगं. संध्याकाळी बगतो तर कवाच गेल्यालं." मग हसू थांबलं. "त्याला लई वाईट वाटलं हुतं. चार दिस जेवला नाय धड."

मला माफ केलंस का, असं मला विचारायचं होतं. विचारलं असतं तर तिनं मला कुशीत घेतलं असतं आणि सगळं संपलं असतं. मी विचारलं नाही.

दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी ती म्हणाली, मला बघू दे त्या तुझ्या पेशी. सरांना विचारलं, ते हो म्हणाले. भावानं तिला रिक्षानं आणलं. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबत होती, आणि मी दोन पायऱ्या पुढं जाऊन परत खाली येत होते. आपानं स्टूल पुसून दिलं, तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "अम्मा, आपकी बेटी बहोत तंग करती हमें." मायनं लुगड्याचा पदर सावरून भिंगाला डोळा लावला. मी भिंग जुळवून दिलं. निरोगी पेशी होत्या, कालच नव्या बाटलीत घातलेल्या.

"ह्याच माझ्यात हायेत?"

"अशाच."

"लई बारक्या." बराच वेळ ती बघत राहिली. "हालत नायत."

"हळू हलतात. डोळ्याला दिसत नाही. थांबलं की दिसतं."

"तू थांबतीस?" तिनं डोळा न काढता विचारलं. आपा तोंडावर हात धरून वळली.

कमिटीच्या दिवशी मी अकरावं पान ठेवलं. त्याच्या पुढं बारावं घातलं, पिवळ्या-जांभळ्या प्लेटचा फोटो. समोरच्या एका परीक्षकांनी विचारलं, हे का दाखवताय, चुकलेला प्रयोग वगळायचा असतो. मी म्हटलं, सर, पहिला आलेख फार चांगला दिसतो, म्हणून. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला मुदत वाढवून घ्यावी लागली. माझ्याबरोबरच्या दोघी पुढं निघून गेल्या.

त्यानंतरचं वर्ष कणांना धुण्यात गेलं. तीनदा धुतले तर कण उरेनात. तेव्हा साबणच बदलला, मग कणांचा आकार बिघडला, तो सुधारला. प्रत्येक प्लेटच्या शेजारी आधी जांभळ्याची प्लेट. सात वेळा काहीच झालं नाही. म्हणजे पेशी जिवंत होत्या आणि तशाच चवताळलेल्या. आठव्या वेळी औषधी कणांच्या घरांत रंग जरासा उतरला, रिकाम्या कणांच्या घरांत उतरला नाही, आणि जांभळी ओळ सगळीकडं जांभळी. मी परत केलं. परत केलं. तसंच आलं. पहिल्या वेळेसारखं नाही, जरासंच. सर म्हणाले, "हे चालेल." मी त्या दिवशी कुणालाच फोन केला नाही.

मायच्या उजव्या हाताचं मधलं बोट आता पूर्ण सरळ होत नाही. त्या दोन आठवड्यांमुळं का, असं मी डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, एरवीही झालं असतं. त्यांचं हे उत्तर खरं आहे, आणि मी त्याच्यावर विसंबू शकत नाही. माय त्या बोटानं काम करून घ्यायला शिकली आहे. भाकरी थापताना ते बाजूला ठेवते, आता भाकरीला एका कडेला चपटी जागा राहते.

दर महिन्याला मी तिला तपासणीला आणते. बाकड्यावर बसून नंबर यायची वाट बघायची असते. मी उठून पाण्याच्या पिंपापर्यंत जाते, परत येते, दारावरची यादी वाचते. मागच्या खेपेला तिच्या शेजारी कन्नड तालुक्यातली एक बाई बसली होती. तिचीही बोटं तशीच, नव्यानं सुरू झालेलं. तिनं मायला माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "लेक काय करती?"

मी पिंपाजवळ थांबले. माय काय उत्तर देईल ते मला ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतं.

"औषध शोधती आपल्या हाताचं," माय म्हणाली.

"घावलं का?"

"थोडं थोडं घावतंय म्हनती. पर ते आपल्या कामाला यायला लई टाईम हाय." मग ती त्या बाईच्या मांडीवरच्या पिशवीकडं झुकली, आतली चिठ्ठी बघितल्यासारखं केलं, तिला वाचता येत नाही तरी. "तवर ह्या गोळ्या सोडू नका. तोंड सुजलं तर सुजू द्या. कुनी काय म्हनलं तरी सोडू नका."

आतून नंबर पुकारला. मी जाऊन तिचा दंड धरला, ती उठली. दारापाशी माझा हात सोडवून घेत म्हणाली, "वढू नगं गं. येते की."